साम्राज्याचा जमाखर्च मांडता येतो का?

अनुबंध (धागाकर्ती)

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात वादविवाद ठेवला होता. विषय होता 'ब्रिटिश राजवटीने भारताचे भले अधिक केले की वाईट?' दोन्ही बाजूंच्या मुलांनी मनापासून तयारी केली होती. एका बाजूने रेल्वे, टपाल, छापखाने, विद्यापीठे, सतीबंदी असे मुद्दे आले, तर दुसऱ्या बाजूने दुष्काळ, मिठावरचा कर, देशोधडीला लागलेले विणकर आणि जालियनवाला बाग. परीक्षक म्हणून निकाल देण्याची वेळ आली तेव्हा माझा हात थबकला. समोरच्या दोन याद्यांची वजाबाकी करायची कशी, हेच मला उमजेना. भुकेने मेलेल्या माणसांतून किती मैल लोहमार्ग वजा करावा? शेवटी मी मांडणीचे आणि वक्तृत्वाचे गुण देऊन वेळ निभावून नेली आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

म्हणून येथील जाणकारांना विचारते. साम्राज्याचा असा जमाखर्च मांडता येतो का? येत नसेल, तर त्या इतिहासातून मुलांनी काय शिकावे असे आपल्याला वाटते?

दख्खनी

जमाखर्च मांडता येतो, आणि तो मांडणारे पहिले लोक आपलेच होते. दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच आकड्यांवरून १८६७-६८ सालचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढले आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्चही त्याहून जास्त आहे हे दाखवून दिले. गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, कर्जावरचे व्याज हे सारे येथील महसुलातून जात होते. १७०० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पादनात हिंदुस्थानचा वाटा जवळजवळ चतुर्थांश होता, तो १९५० पर्यंत ४ टक्क्यांवर आला, हा अंदाजही सर्वपरिचित आहे. याहून स्पष्ट ताळेबंद कोणता हवा?

साक्षेप

दख्खनी यांच्या दादाभाईंविषयीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र जागतिक वाट्याचा आकडा जपून वापरावा असे सुचवतो. युरोप आणि अमेरिकेत कारखानदारी वाढल्यावर तेथील उत्पादन कित्येक पटींनी वाढले. अशा वेळी आपले उत्पादन तसूभर कमी झाले नसते तरी आपला वाटा घटलाच असता. विद्यार्थ्यांनी हा आकडा सभेत फेकला आणि समोरच्याने एवढाच खुलासा केला, तर त्यांची खरी बाजूही खोटी वाटू लागेल.

त्यापेक्षा राज्य सोडून जातानाची स्थिती पाहावी. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. जवळजवळ दोनशे वर्षांच्या कारभारानंतरचे हे प्रगतिपुस्तक आहे.

लोहमार्ग

माझी सारी नोकरी रेल्वेत झाली, त्यामुळे या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, सुमारे ३४ किलोमीटर. ही रेल्वे खासगी इंग्रजी कंपन्यांनी बांधली, पण भांडवलावर ५ टक्के परतावा मिळेल अशी हमी सरकारने दिलेली होती. नफा तेवढा झाला नाही तर तूट भरून निघायची ती येथील शेतसाऱ्यातून. तोटा झाल्यास तो दुसऱ्याने सोसायचा असेल, तर काटकसर कोण करणार? इंजिने आणि रूळ बहुतांशी विलायतेतून येत. मालवाहतुकीचे दर असे ठेवलेले असत की कापूस बंदराकडे नेणे स्वस्त पडे. तेव्हा 'इंग्रजांनी रेल्वे दिली' या वाक्यातले 'दिली' हे क्रियापद मला मुळीच पटत नाही. आपल्या पैशाने आणि आपल्या मजुरांच्या हातांनी, त्यांच्या सोयीचा रस्ता बांधला गेला. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्या बोगद्यांतून मी शेकडो वेळा गेलो आहे. अभियंत्यांची नावे आम्हाला प्रशिक्षणात शिकवली गेली, पण खडक फोडताना पटकीने आणि अपघातांनी जे मजूर तेथे मेले, त्यांच्यातले एकही नाव कोणी शिकवले नाही.

असे असूनही त्याच गाड्यांतून प्रवास करून देशभरातले लोक काँग्रेसच्या अधिवेशनांना आले, हेही तितकेच खरे आहे. बांधणाऱ्याचा हेतू एक होता आणि वापरणाऱ्यांनी तिचे वेगळेच काही केले. त्या वापराचे श्रेय बांधणाऱ्याच्या खात्यावर जमा करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोडीवाचक

धागाकर्तीने दुष्काळाचा उल्लेख केला आहे, म्हणून १८७६-७८ चा एक धागा पुढे ओढतो. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

१८७३-७४ मध्ये बिहारात पिके बुडाली तेव्हा रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणला आणि माणसे फारशी मरू दिली नाहीत. त्याबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तीनच वर्षांनी दख्खन आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा तेच टेंपल दुष्काळाच्या पाहणीसाठी आले आणि आधीचा ठपका धुऊन काढण्यासाठीच जणू, त्यांनी दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणून ठेवले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण जीव जगवण्यास अपुरे आहे असे बजावले होते. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे मेली. याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत राणीला कैसर-ए-हिंद घोषित करणारा दरबार भरला होता. त्या दरबाराला सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते.

आता पुढचा भाग. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाली. कामे कधी काढावीत, मजुरी किती द्यावी, हे सारे त्यात लिहिलेले होते. साम्राज्याची देणगी म्हणून ही संहिता अनेकदा दाखवली जाते. परंतु १९४३ मध्ये बंगालात सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही, त्यामुळे संहिता लागू झाली नाही आणि सुमारे ३० लाख लोक मेले. याउलट १९७२ मध्ये महाराष्ट्रात गेल्या शतकातल्या भीषण अवर्षणांपैकी एक पडले. त्या वेळी दुष्काळी कामांवरची मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ गेली, मोर्चे निघाले, विधानसभेत सरकारला धारेवर धरले गेले, आणि १८७७ सारखा मृत्यूचा तांडव झाला नाही. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला. कामाची पद्धत थोड्याफार फरकाने तीच होती, खडी फोडणे आणि तलाव खोदणे. फरक एवढाच होता की या वेळी उपाशी माणूस राज्यकर्त्याला जाब विचारू शकत होता आणि मत देऊन घरी बसवू शकत होता.

म्हणून अनुबंध, वजाबाकी करण्याऐवजी हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहा: निर्णय कोणी घेतला, आणि तो चुकला तेव्हा त्याला कोण विचारू शकत होते?

संवादिनी

मोडीवाचक यांचा प्रतिसाद फार आवडला. पण त्यांचाच प्रश्न १८१८ च्या आधीच्या काळाला लावला तर काय दिसते, तेही पाहावे लागेल.

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त इंग्रजी राज्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याला आपण फार पटकन 'त्यांची मर्यादा' म्हणून मोकळे होतो. ज्याला पाठशाळेत प्रवेश नव्हता, ज्याच्या सावलीचाही विटाळ होत होता, त्याने पेशवाईत कोणाला जाब विचारायचा होता? सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्यावर शेण फेकणारे लोक लंडनहून आलेले नव्हते.

शिवाय फुले हे इंग्रजांचे भाट नव्हते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की कर शेतकऱ्यांच्या कष्टातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना तर गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषआराम आणि त्यांच्या हाताखालच्या भटकामगारांची, म्हणजे ब्राह्मण कारकुनांची लबाडी, दोन्हींवर तो आसूड सारख्याच जोराने पडताना दिसतो. दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचा हा जमाखर्च आहे आणि तो दादाभाईंच्या जमाखर्चापेक्षा वेगळा आहे. वर्गात दोन्ही वह्या उघडायला हव्यात.

साक्षेप

संवादिनी, तुमचा मुद्दा मान्य आहे. फक्त शिक्षणाचे दार इंग्रजांनी उघडले असे म्हणताना ते किती उघडले हेही पाहू. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्याच धर्तीचे विधेयक आणले आणि १९१२ मध्ये ते सरकारच्या विरोधामुळे फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला. इच्छा असती तर इंग्रजांनाही ते अशक्य नव्हते.

संवादिनी

मान्य. मात्र सयाजीराव आणि शाहू महाराज या दोन थोर व्यक्ती होत्या, ती संस्थानी राज्याची रीत नव्हती. शेजारच्या संस्थानातल्या मुलाच्या नशिबी असा राजा नसेल तर त्याने काय करायचे होते? आणि एक गोष्ट विसरू नये की गोखल्यांच्या त्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत आपल्याकडचे जमीनदारही होते.

पालावरून

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहिणे भाग आहे.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे आमच्यासारख्या अनेकांना तारेच्या कुंपणाआड वसवले. हजेरी द्यावी लागे. बाहेर जायचे तर पास लागे. आजोबांनी आयुष्यात काही चोरले नव्हते, ते गिरणीत काम करत. तरीही ठरलेल्या वेळेला हजेरीला उभे राहणे त्यांना चुकले नाही.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यानंतर ५ वर्षे आणि १६ दिवसांनी. त्या जागी सराईत गुन्हेगारांसाठी म्हणून दुसरे कायदे आले आणि ठाण्यातल्या नोंदवह्यांवर बहुतेक वेळा आमचीच नावे राहिली. मी चौथीत असताना वर्गात कोणाची तरी कंपासपेटी हरवली, तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदा माझे दप्तर उलटे केले. ती पेटी नंतर दुसऱ्याच मुलाच्या बाकाखाली सापडली. माझे दप्तर मात्र कोणी भरून दिले नाही.

गुरुजी इंग्रज नव्हते. म्हणून मला वारशाविषयीच्या चर्चेत एवढेच म्हणायचे आहे की वारसा वस्तुसंग्रहालयात नसतो. ज्याने कायदा लिहिला तो दोषी आहेच, पण तो कायदा संपल्यावरही ज्यांनी तो मनात चालू ठेवला, त्यांच्याबद्दल या धाग्यात अजून कोणी लिहिलेले नाही.

साक्षेप

पालावरून, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

त्याला जोडून दोन कायदे आठवतात. राजद्रोहाचे कलम १२४-अ १८७० मध्ये दंडसंहितेत आले. त्याखाली लोकमान्यांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली; मंडालेचा तुरुंगवास तोच. हे कलम स्वतंत्र भारतात सात दशकांहून अधिक काळ टिकले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवले. दुसरा, १८९४ चा भूसंपादन कायदा. १९२१ पासून मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो सक्तीने जमिनी घेण्याच्या याच अधिकाराविरुद्ध होता. नवा कायदा यायला २०१३ उजाडले. मधल्या काळात आपल्याच सरकारांनी त्याच कायद्याने किती गावे उठवली, याचा विचार केला की 'परकी' सत्ता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अवघड होत जातो.

हुगळीकाठ

मी गेली बावीस वर्षे कोलकात्यात राहतो. आपल्यापैकी बहुतेकांना नको वाटेल असा एक विषय काढतो आहे, कारण या धाग्यात तो न येणे मला अप्रामाणिक वाटते.

माझी मुलगी लहान असताना शेजारच्या आजी तिला थोपटत एक अंगाईगीत म्हणत. त्यात 'बोर्गी' येतात, बुलबुल धान्य खाऊन टाकतात आणि आता खंडणी कशी द्यायची असा प्रश्न असतो. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारे मराठी स्वार. हे त्या आजींना माहीत होते आणि मी मराठी आहे हेही माहीत होते. त्यांच्या मनात काही नव्हते. माझ्या मनातून मात्र ते गीत गेले नाही.

१७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा बंगालात उतरल्या. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीस बोलावून मारले. शेवटी १७५१ च्या तहाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिले आहे. त्यात पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन गाव सोडून पळताना दिसतात आणि मागे गावे जळत असतात. कोलकात्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, त्याचे नावच 'मराठा खंदक' पडले. आम्ही अटकेपार झेंडे लावले हे अभिमानाने सांगतो. त्याच झेंड्याखालची ही माणसे होती.

इंग्रजांना ज्या मापाने मोजले, ते माप येथे लावायचे की नाही?

दख्खनी

हुगळीकाठ, लागू करावे, पण संदर्भासह. चौथ-सरदेशमुखी ही त्या काळची मान्य राजकीय रीत होती. ही मोहीम नागपूरकरांची होती, आणि १७४३ मध्ये खुद्द नानासाहेब पेशवे रघूजींविरुद्ध बंगालात गेले होते. ओडिशात मराठ्यांनी जगन्नाथाची यात्रा आणि मंदिराची व्यवस्था सांभाळली. तंजावरात भोसल्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय जोपासले आणि बृहदीश्वराच्या मंदिरात मराठी शिलालेख कोरला. यातले काहीच इंग्रजांसारखे समुद्रापार गेले नाही. पैसा याच देशात राहिला.

हुगळीकाठ

दख्खनी, आपला राग नाही, पण वरचा आपला प्रतिसाद पुन्हा वाचून पाहा. 'ती त्या काळची रीत होती', 'दोष अमुक एका अधिकाऱ्याचा होता', 'आम्ही मंदिरे सांभाळली, ग्रंथालये उभारली'. लंडनमधला साम्राज्याचा समर्थक नेमके हेच म्हणतो, फक्त सरस्वती महालाच्या जागी रेल्वे येते. नानासाहेबही अलीवर्दीकडून पैसे ठरवूनच मदतीला गेले होते. आणि पैसा देशात राहिला की समुद्रापार गेला, याने बरद्वानच्या शेतकऱ्याला काय फरक पडला? त्याच्या दृष्टीने नागपूरही परमुलूखच होता.

वाटसरू७

स्वतःच्याच पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही हौस मला समजत नाही. मराठे नसते तर आज आपण कोठे असतो? मुलांना आधी अभिमान शिकवा. चुका शोधायला सारे जग बसले आहे.

मोडीवाचक

वाटसरू७, अभिमानाला माझाही विरोध नाही, किंबहुना त्याच अभिमानातून पुढचे लिहितो. हुगळीकाठ यांच्या प्रश्नासाठी विलायती माप आणण्याची गरजच नाही. आपल्याकडे घरचे माप आहे.

चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, १६७० च्या दशकातले. त्यात महाराज बजावतात की जपून दाणागोटा वापरला नाही तर तो पावसाळ्याआधीच संपेल, मग तुमचे लोक कुणब्याच्या घरातले दाणे, भाकरी, गवत, भाजीपाला ओरबाडू लागतील, आणि मग रयतेला तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल. पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारीक विचार त्या पत्रात आहे. मी मोडीच्या वर्गात हे पत्र अनेकदा वाचून घेतो आणि दर वेळी त्यातल्या काळजीने स्तब्ध होतो. स्वतःचे सैन्य रयतेला परके वाटू शकते, ही जाणीव राज्य करणाऱ्या माणसाला होती.

या मापाने बंगालच्या स्वाऱ्या मोजा. उत्तर सांगण्याची गरज नाही, आणि ते उत्तर महाराजांच्या बाजूने उभे राहूनच देता येते.

साक्षेप

उत्तम. एक फरक मात्र नोंदवावा, नाहीतर सारे सारखेच असा निष्कर्ष निघेल. बारगीरांची लूट भयंकर होती, पण ती दहा वर्षांनी थांबली. इंग्रजांनी शेतसारा, चलन, जकात, कायदा आणि शिक्षण यांची अशी घडी बसवली की धन वाहून जाणे हा वर्षानुवर्षांचा दप्तरी व्यवहार झाला. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की माणूस निदान पळू शकत होता. दोन्हींचा निषेध एका मापाने करू, पण दोन्हींचे वर्णन एकाच शब्दाने करू नये.

दख्खनी

हुगळीकाठ, काल रात्री तुमच्या प्रतिसादावर बराच विचार केला. 'देशात पैसा राहिला' हा माझा युक्तिवाद मी मागे घेतो. तो मी शाळेपासून ऐकत आलो होतो आणि आजवर कधी बंगालच्या बाजूने तपासला नव्हता. साक्षेप यांनी दाखवलेला फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर मी ठाम आहे.

हुगळीकाठ

तो फरक मलाही मान्य आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. याच बंगालात सखाराम गणेश देउस्कर नावाचे मराठी घरातले गृहस्थ होऊन गेले. त्यांनी १९०४ मध्ये बंगाली भाषेत 'देशेर कथा' लिहून इंग्रजांच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडला. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. बंगालात शिवाजी उत्सव रुजवण्यातही त्यांचा पुढाकार होता आणि रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता १९०४ चीच. ज्या घरांत बोर्गींची अंगाई म्हटली जात होती, त्याच घरांत शिवाजी महाराजांची तसबीर लागली. बंगाली माणसाने रघूजींना विसरून महाराजांना स्वीकारले असे झाले नाही. दोन्ही आठवणी तो बाळगून आहे. आपल्यालाही ते जमायला हरकत नसावी.

अनुबंध

सर्वांचे आभार. चार दिवसांत एवढे मिळेल असे वाटले नव्हते. वाटसरू७, आपला प्रतिसादही मी मनावर घेतला आहे. अभिमान काढून घेऊन मुलांना रिकामे करण्याचा माझा हेतू नाही.

पुढच्या महिन्यात तो तास पुन्हा घेणार आहे, पण बाजू पाडणार नाही. प्रत्येक गटाला एक कागद देईन: टेंपल यांच्या शिध्याचे प्रमाण आणि त्यावरचा डॉ. कॉर्निश यांचा आक्षेप, हंटर आयोगापुढचे फुल्यांचे निवेदन, महाराजांचे चिपळूणचे पत्र आणि गंगारामाच्या काव्यातला गाव सोडण्याचा प्रसंग. मोडीवाचक यांनी सुचवलेला प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचा. मोडीवाचक, त्या पत्राचे सुवाच्य लिप्यंतर मिळू शकेल का?

आणि पालावरून, एक विनंती आहे, अवघड वाटल्यास निःसंकोच नाही म्हणा. आपल्या आजोबांचा तो पास घरी जपून ठेवलेला आहे का?

मोडीवाचक

लिप्यंतर व्यक्तिगत निरोपाने पाठवतो, अवघड शब्दांच्या अर्थांसह.

पालावरून

आहे. आईच्या पेटीत असतो, घड्यांवर फाटला आहे. छायाचित्र काढून रविवारी पाठवतो. त्यावर आजोबांच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि नाव कारकुनाने चुकीचे लिहिलेले आहे. खरे नाव मी सोबत कळवीन. वर्गात वाचताना कृपया ते नाव वाचावे.